नाव ठेवणारा कोण? : लोणंद परिसरातील नामे आणि व्युत्पत्तीची मर्यादा

'लोणंदकर' हे आडनाव लोणंदात जन्मास येऊ शकत नाही. जेथे सारेच लोणंदचे, तेथे एकालाच लोणंदचा म्हणून वेगळे काढण्याचे प्रयोजन उरत नाही. हे आडनाव मिळावयाचे ते गाव सोडून गेलेल्याला. आणि तो ते स्वतः धारण करतो असे क्वचितच घडते, तो जेथे बिऱ्हाड करतो तेथील शेजारी ते त्याला चिकटवितात. म्हणजे या नामात गाव लोणंदचे, पण नाव ठेवणारे तोंड परगावचे. 'कर' या प्रत्ययाचा उगम कर्तृवाचक 'कर' शब्दात मानावा की प्राकृतातील संबंधदर्शक 'केर'मध्ये, याविषयी वाद घालता येतो. परंतु त्या वादाचा निकाल कसाही लागला तरी नाव कोणी, कोणास आणि कोणत्या प्रसंगी दिले हे त्यातून निष्पन्न होत नाही. आडनावांच्या व विशेषनामांच्या अर्थाविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यातील बराच भाग या एका प्रश्नाला बगल देऊन पुढे गेलेला आहे. लोणंद व त्याच्या आसपासचा मुलूख यांतील काही नामे तपासून पाहिली असता ही उणीव केवढी आहे ते ध्यानी येते.

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक, कांद्याचा व्यापार, आणि नीरास्नान आटोपून येणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मुक्काम, यांमुळे येथे माणसांची ये-जा सततची. असल्या गावी परगावांची नावे गोळा होतात आणि गावाचे स्वतःचे नाव मात्र बाहेर जाते. मनुष्य आणि गाव यांच्यातील हा संबंध संस्कृत व्याकरणाने फार पूर्वी बारकाईने पाहिला होता. गावावरून माणसाचे नाव साधताना पाणिनी दोन संबंध वेगळे ठेवतो : निवास आणि अभिजन. स्वतः जेथे राहतो तो निवास. पूर्वज जेथे राहिले तो अभिजन. पुण्यास स्थायिक झालेला लोणंदचा व्यापारी निवासाने पुण्याचा, अभिजनाने लोणंदचा. मराठी 'कर' बहुधा या दुसऱ्या संबंधाचा पाईक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

बहुधा म्हणावयाचे कारण असे की, हाच प्रत्यय नेमके उलट कामही करतो. पटवर्धन घराण्याच्या शाखा सांगलीकर, मिरजकर, तासगावकर, जमखंडीकर अशा ओळखल्या गेल्या त्या ती गावे सोडल्यामुळे नव्हे, तर ती गावे ताब्यात असल्यामुळे. फलटणकर, औंधकर, जतकर ही संस्थानिकांना लागलेली नामेही याच जातीची. एक 'कर' गाव सुटल्याचा, दुसरा गाव मिळाल्याचा. रूपात काडीचाही फरक नाही. फरक आहे तो नाव देणाऱ्याच्या गरजेत : एका ठिकाणी शेजाऱ्यांना नवख्या बिऱ्हाडाची खूण पटवावयाची होती, दुसऱ्या ठिकाणी एकाच कुळातील चार सरदार एकमेकांपासून वेगळे ओळखू यावयास हवे होते. प्रत्ययाची केवळ फोड करणाऱ्याला हे दोन अर्थ कधीही वेगळे करता येणार नाहीत.

लोणंदच्या पूर्वेस फलटणचा मुलूख. तेथील निंबाळकरांचे आडनाव या दृष्टीने फार बोलके आहे. या घराण्याची परंपरा सांगते की, मूळ कुळ पवारांचे. त्यांतील निंबराज नामक पुरुष निंबळक या गावी येऊन राहिला आणि त्यावरून निंबाळकर हे नाव पडले. निंबळक हे गाव फलटण तालुक्यात आजही आहे. 'निंबळककर' या रूपातील दोन लगतच्या ककारांपैकी एक गळून 'निंबळकर' व पुढे 'निंबाळकर' होणे हे मराठीच्या उच्चारधर्मास धरून आहे. येथे परंपरा, भूगोल आणि ध्वनिविचार तिन्ही एका दिशेस बोट दाखवितात, म्हणून ही व्युत्पत्ती ग्राह्य. परंतु समजा, घराण्याची आठवण पुसली गेली असती, निंबळक गावही उजाड झाले असते, आणि हाती केवळ 'निंबाळकर' हा शब्द राहिला असता. तर व्युत्पत्तिकाराने त्याचा संबंध निंबाच्या झाडाशी आणि त्या झाडाच्या देवकाशी जोडून मोकळे व्हावयास काय प्रत्यवाय होता? ती व्युत्पत्तीही ऐकावयास गोड लागली असती, आणि तिचे खंडन करण्यास कोणतेच साधन उरले नसते. शिवाजी महाराजांची राणी सईबाई याच घराण्यातील. एवढ्या नामांकित कुळाची आठवण टिकली. साध्या शेतकऱ्याच्या घरी ती टिकण्याचा संभव किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ग्रामनामांविषयी तर अधिकच सावधगिरी हवी. कारण आडनावाची व्युत्पत्ती ग्रामनामावर टाकली म्हणजे प्रश्न सुटला असा समज होतो, वस्तुतः तो एक पायरी खाली सरकलेला असतो. लोणंद या नामातील पहिला अवयव 'लोण' असा वेगळा काढणे सोपे आहे. संस्कृत 'लवण', प्राकृत 'लोण', आणि खाऱ्या सरोवराचे लोणार हा त्याचा ढळढळीत दाखला. मीठ, चुना व कोळसा यांवर उपजीविका करणारी लोणारी जातही याच शब्दाची आठवण देते. पण 'लोणी' हा शब्द 'लवण'पासून आलेला नाही, तो 'नवनीता'पासून आला. आणि लोणावळ्याच्या नावाचा संबंध तर आसपासच्या लेण्यांशी लावला जातो. तीन गावे, आरंभीचा ध्वनी सारखा, आणि वाटा तीन. लोणंदच्या बाबतीत यांतील कोणतीही वाट धरावयाची तर जुन्या लेखांतील त्या गावाचे रूप, तेथील जमिनीचा गुण आणि वस्तीचा पूर्वेतिहास हे साक्षीदार बोलवावे लागतील. शब्दाची केवळ आदली दोन अक्षरे पुरावयाची नाहीत.

याच पालखीमार्गावर लोणंदच्या अलीकडे, नीरेच्या उत्तरेस, वाल्हे लागते. वाल्हे म्हणजे वाल्ह्या कोळ्याचे, अर्थात् वाल्मीकीचे गाव, अशी लोककथा आहे. ध्वनिसाम्यावरून कथा रचली जाते, कथेवरून स्थान पवित्र होते, आणि मग त्या स्थानाच्या पावित्र्याच्या आधारे मूळ ध्वनिसाम्याला पुरावा म्हणून उभे केले जाते. असा हा फेरा. लोककथा म्हणून तिचे मोल मोठे आहे. गावाने स्वतःचे नाव कसे ऐकले हे ती सांगते. गावाला ते नाव कसे पडले हे मात्र ती सांगत नाही. हे दोन प्रश्न एकत्र कालविणे हा लौकिक व्युत्पत्तीचा नित्याचा दोष होय.

लौकिक व्युत्पत्तीला हसणे सोपे आहे, पण विद्वानांची व्युत्पत्ती या दोषापासून मुक्त आहे काय? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी स्थलनामे, व्यक्तिनामे व आडनावे यांची संस्कृत मुळे शोधण्याचा प्रचंड उद्योग केला, आणि त्या मुळांतून महाराष्ट्राच्या वसाहतीचा इतिहास वाचण्याचे धाडस केले. हा विषय अभ्यासाचा आहे हे मराठी वाचकाच्या मनावर प्रथम त्यांनीच ठसविले. त्यांचे हे ऋण मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही. परंतु त्यांच्या पद्धतीत एक चमत्कारिक विसंगती आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करणारे राजवाडे बखरीच्या पानभर वर्णनापेक्षा अस्सल पत्राच्या चिठोऱ्याला अधिक मान देतात. घटना सांगावयाची तर कागद दाखवा, हा त्यांचा बाणा. शब्दांच्या प्रांतात शिरताच मात्र हा बाणा सैल पडतो. तेथे मधल्या शतकांतील एकही लेखी रूप हाती नसताना आजचा मराठी शब्द आणि एखादा वैदिक वा पाणिनीय शब्द यांच्यामध्ये पूल बांधला जातो. ध्वनिपरिवर्तनाचे नियम पुरेसे लवचिक ठेवले की बहुतेक कोणताही शब्द संस्कृतापर्यंत नेऊन पोहोचविता येतो, आणि जी पद्धत प्रत्येक वेळी यशस्वी होते ती काहीच सिद्ध करीत नाही. राजवाड्यांच्या मागून आलेल्या हौशी लेखकांनी तर प्रत्येक आडनावामागे एक ऋषी अथवा एक राजपूत कुळ उभे करण्याचा सपाटाच लावला. त्यांचा उल्लेख येथे एवढाच पुरे.

आडनाव ही वस्तूच मुळात किती जुनी, हाही विचार या लेखकांनी फारसा केलेला दिसत नाही. 'लीळाचरित्रा'तील माणसे नागदेव, म्हाइंभट, बाइसा, महदाइसा अशी भेटतात. त्यांची ओळख नाव, मानाचा प्रत्यय, फार तर गाव यांवर भागते. सतराव्या शतकातील कारभारी माणूस स्वतःचे व पित्याचे नाव सांगून थांबतो. अण्णाजी दत्तो इतिहासात बहुधा याच दोन नामांनी ओळखले जातात. आडनाव होते, पण ते सदैव मिरविण्याची गरज नव्हती, आणि एकाच घराला दोन-तीन आडनावे असण्यातही कोणास वावगे वाटत नसे. किन्हईच्या कुलकर्ण्यांच्या घरातील परशुराम त्र्यंबक यांना प्रतिनिधिपद मिळाले आणि औंधचे ते घराणे प्रतिनिधी झाले. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले. शंकराजी नारायण गांडेकर यांचे वंशज भोरचे पंतसचिव झाले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पदांची फारसी नावे बदलून संस्कृत आली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला, सरनोबताचा सेनापती झाला. आडनावांत मात्र मुजुमदार, डबीर, सरनोबत तसेच राहिले. राजाज्ञेने दरबारची भाषा बदलते, शेजाऱ्यांच्या तोंडी बसलेले नाव बदलत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात शाळा, कचेऱ्या, न्यायालये व पलटणी यांच्या पटांवर प्रत्येकाच्या नावापुढे एकच आडनाव कायमचे लिहिले गेले, आणि त्या क्षणी जे चालू होते तेच सनातन ठरले.

व्युत्पत्तीच्या पद्धतीची परीक्षा घ्यावयाची तर ज्याचे उत्तर अन्य साधनांनी आधीच ठाऊक आहे असे आडनाव घ्यावे. असे एक आडनाव लोणंदच्या मुलुखाशी जवळचे नाते सांगणारे आहे. खटाव तालुक्यातील कटगुण हे गोऱ्हे घराण्याचे गाव. तेथे या घराकडे चौगुलेपण होते. गावच्या कुळकर्ण्याशी बिनसल्यावर या घराण्याचा पूर्वज पुरंदर तालुक्यातील खानवडीस गेला. त्याचा मुलगा शेटीबा पुढे पुण्यास आला. शेटीबांचे मुलगे राणोजी, कृष्णा व गोविंद यांनी फुलांचा धंदा धरला, पेशव्यांच्या घरी फुले पुरविली, आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. गोविंदरावांचे पुत्र जोतीराव यांचा जन्म १८२७ चा. म्हणजे ज्या आडनावाने त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो ते त्यांच्या जन्मकाळी जेमतेम एका पिढीचे होते.

आता ही हकीकत झाकून ठेवून केवळ शब्द पुढे ठेवावा. कोश सांगेल : गोऱ्हा म्हणजे बैलाचे वासरू; फूल म्हणजे पुष्प, मूळ संस्कृत 'फुल्ल'. दोन्ही व्युत्पत्ती निर्दोष आहेत. आणि दोन्ही मिळून हे सांगू शकत नाहीत की ही दोन आडनावे एकाच घराची आहेत, त्यांच्यामध्ये एक भांडण आहे, दोन स्थलांतरे आहेत, एक नवा धंदा आहे आणि पुणे शहरातील गिऱ्हाइकांनी त्या धंद्यावरून मारलेली हाक आहे. कोशाने उत्तर चुकविले असे नाही. त्याला विचारलेला प्रश्नच निराळा होता. खंडाळा तालुक्यातीलच नायगाव येथे १८३१ साली खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी जन्मलेल्या सावित्रीबाईंना विवाहानंतर हेच नवे आडनाव लाभले. त्यांच्या माहेरच्या 'नेवसे' या आडनावाचा संबंध प्रवरातीरीच्या नेवाशाशी जोडण्याचा मोह कोणासही होईल. तो खराही असेल; परंतु गोऱ्हे-फुले यांच्या दाखल्यानंतर तरी असा संबंध घराण्याच्या एखाद्या कागदावाचून कोणी मांडू नये.

याच कारणास्तव आडनावावरून जात ओळखण्याची जी सवय समाजात रुजली आहे, तिला शास्त्राचा आधार मुळीच नाही. पवार, जाधव, गायकवाड, जोशी, पाटील, देशमुख ही आडनावे अनेक जातींत आढळतात. कारण कुळाचे नाव, धंद्याचे नाव आणि वतनाचे नाव या तिन्हींचे जातीशी नाते एकसारखे नसते. तरीही नव्या माणसाचे आडनाव विचारून त्याची 'ठिकाण-पट्टी' मनातल्या मनात बांधणारे लोक सर्वत्र भेटतात, आणि त्यांचे अंदाज पुष्कळदा चुकतात. चुकले तरी त्या अंदाजावर घर भाड्याने देणे वा नाकारणे मात्र अडत नाही.

आडनाव परके लोक देतात. व्यक्तिनाम घरचेच ठेवतात, तेव्हा त्याचा अर्थ तरी सरळ असावा, अशी अपेक्षा असते. जेजुरीच्या छायेतील या प्रदेशात खंडू, खंडेराव, मल्हारी, मार्तंड, म्हाळसा ही नामे विपुल. त्यांचे मूळ दाखविणे अवघड नाही. परंतु देवाच्या नामातही प्रसंग दडलेला असतो. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि त्यावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेविली, अशी परंपरा आहे. या मुलांचे आजोळ फलटणच्या निंबाळकरांचे. कोशात 'शाह' म्हणजे राजा आणि 'शरीफ' म्हणजे कुलीन. पण त्या घरी त्या नामांचा अर्थ 'पिराच्या कृपेने झालेले' एवढाच होता. फकिरा, नवसू ही खेड्यांतील नामे याच कुळीची.

खरी कसोटी लागते ती ओंगळ वा तुच्छ अर्थाच्या नामांपाशी. दगडू, धोंडू, केरू, उकिरडा, भिकू, नथू ही नामे दख्खनच्या खेड्यांत पिढ्यानपिढ्या चालत आली. कोशार्थ पाहिला तर धोंडा, केर, उकिरडा, भीक. परंतु ही मुले नकोशी नव्हती; फार हवी होती. आधीची भावंडे दगावली, म्हणून या मुलाला दगड म्हणावयाचे, केरात लोळवावयाचे, दुसऱ्याच्या पदरात टाकून भीक म्हणून परत मागावयाचे, मुलगी भासावी म्हणून नाक टोचून नथ घालावयाची, म्हणजे मृत्यूचे वा दृष्टीचे लक्ष त्याच्याकडे जाणार नाही. धोंडू हे नाव धोंड्या महिन्यात, म्हणजे अधिकमासात, जन्मल्यामुळेही पडते, आणि शेंदूर लावलेला धोंडा हा खेड्याचा देव असतो ही गोष्ट निराळीच. ही चाल अर्वाचीन नव्हे. ऐतरेय ब्राह्मणातील अजीगर्ताच्या तिन्ही मुलांची नावे कुत्र्याच्या शेपटाच्या निरनिराळ्या पर्यायांवरून ठेवलेली आहेत, आणि त्यांपैकी शुनःशेप पुढे यज्ञस्तंभापासून वाचतो. दगडू या हाकेत शब्द तिरस्काराचा असतो, आणि ती ऐकावी अशी अपेक्षा मुलाकडून नसते, यमाकडून असते.

आता याच्या शेजारी 'नकुसा' हे नाव ठेवून पाहावे. नको असलेली, नकोशी. सातारा जिल्ह्यात हे मुलींचे नाव म्हणून रूढ होते. नामांचे वर्ग पाडणारा अभ्यासक दगडू, उकिरडा, भिकू यांच्याच ओळीत नकुसा बसवील, व चौघांवरही 'निंदाव्यंजक नामे' अशी चिठ्ठी डकवील. वर्गीकरण म्हणून हे बिनचूक वाटेल, आणि ते साफ खोटे असेल. दगडूच्या आधी मृत भावंडे असतात; नकुसाच्या आधी जिवंत बहिणी असतात. दगडूला दगड म्हणतात तो जगावा म्हणून. नकुसाला नकोशी म्हणतात ती पुन्हा मुलगी होऊ नये म्हणून. पहिल्या नामात शब्द आणि इच्छा परस्परविरुद्ध आहेत, दुसऱ्यात शब्द म्हणतो तेच मनात आहे. तेही नाव मुलीला उद्देशून नसते, पुढल्या गर्भाला उद्देशून असते. पण आयुष्यभर त्या हाकेला ओ द्यावयाची ती मुलीने. शाळेच्या पटावर, शिधापत्रिकेवर, लग्नाच्या पत्रिकेवर तेच. लग्नात तांदळांत अक्षरे कोरून वधूचे नाव बदलण्याची रीत मराठी घरांत आहे. कित्येक नकुसांच्या बाबतीत ते नाव प्रथम पुसले जावयाचे ते अशा तांदळांतच.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला. शासकीय यंत्रणेने जिल्ह्यातून 'नकुसा' अथवा 'नकोशी' नावाच्या २८५ मुली शोधून काढल्या होत्या. त्यांना नवी नावे देण्यात आली व त्या नामांची प्रमाणपत्रे हाती ठेविली गेली. नामविद्येच्या दृष्टीने ही घटना असामान्य आहे. एरवी नामाचा प्रसंग जुन्या कागदांतून, परंपरेतून, तर्काने शोधावा लागतो. येथे तो दिनांकासह नोंदला गेला आहे. त्याहून विशेष हे की, नाव ठेवण्याचा अधिकार बारशाच्या बायकांकडून, आत्येकडून, शेजाऱ्यांकडून व तलाठ्याच्या दप्तराकडून निघून नाव धारण करणारीकडे आला. काही मुलींनी चित्रपटतारकांची नावे पसंत केली, काहींनी देवतांची. निवडलेल्या नामांत 'सावित्री' हेही होते. कोश या नामाचे मूळ 'सवितृ' या शब्दात दाखवील, आणि ते बरोबरच असेल. वडाच्या फेऱ्यांची सावित्री त्या मुलीच्या मनात होती की त्याच जिल्ह्यातल्या नायगावची, याचे उत्तर तिलाच विचारावे लागेल. या वेळी नाव ठेवणारी तीच होती.